स्टालिनभोवतीची गर्दी

मॉस्कोच्या तागान्स्काया मेट्रो स्थानकात मे २०२५ मध्ये स्टालिनचे एक मोठे भित्तिशिल्प पुन्हा बसवण्यात आले. मूळ शिल्प १९५० साली स्थानक सुरू झाले त्या वेळचे. १९६६ मध्ये स्थानकात फेरबदल करताना ते काढले गेले आणि जवळजवळ साठ वर्षांनी त्याची प्रतिकृती परत आली. ही बातमी आल्यापासून आपल्याकडच्या रशियन साहित्य वाचणाऱ्या मंडळींत एक जुना वाद नव्याने रंगला आहे. एक पक्ष म्हणतो की, ज्या देशातल्या लेखकांनी हुकूमशहाची एवढी टवाळी केली आणि तिच्यापायी तुरुंग व देशांतर सोसले, त्याच देशात तो पुन्हा भिंतीवर चढत असेल तर त्या टवाळीचा उपयोग काय झाला? दुसरा पक्ष ठासून सांगतो की, हुकूमशहा तोफांना भीत नाही, हसण्याला भितो; नाहीतर या पुस्तकांवर बंदी कशाला आली असती? या दोघांच्या भांडणात मधूनच एक तिसरा, गंभीर आवाज येतो, की जिथे लाखो माणसे गोळ्या घालून आणि छावण्यांत कुजवून मारली गेली त्या राजवटीवर विनोद करणे हाच मुळात उथळपणा आहे. तिघेही तावातावाने बोलतात आणि तिघेही एकच गोष्ट गृहीत धरतात: या वाङ्मयाचा विषय स्टालिन आहे. माझ्या मते हे गृहीतच चुकले आहे. रशियन उपहासकार हुकूमशहाकडे ओझरते पाहतो. त्याची नजर खिळलेली असते ती हुकूमशहाभोवती जमलेल्या माणसांवर, आणि तो गेल्यावर ही माणसे काय करतात यावर. ही नजर लक्षात घेतली नाही तर या पुस्तकांचे यश मोजायचे कशाने, हेही कळत नाही.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आधीच मांडतो. ओसिप मांदेलश्तामने नोव्हेंबर १९३३ मध्ये रचलेली सोळा ओळींची कविता थेट स्टालिनवर आहे. झुरळाच्या मिशा, अळ्यांसारखी जाडजूड बोटे, असे तिच्यातले वर्णन जगभर ठाऊक आहे. ती कागदावर छापली गेली नाही. कवीने ती मोजक्या ओळखीच्या लोकांना म्हणून दाखवली. कवी पास्तरनाकने ती ऐकून, हे काव्य नसून आत्महत्या आहे, तुम्ही मला काही ऐकवले नाही आणि मी काही ऐकले नाही, अशा अर्थाचे उत्तर दिल्याचे प्रसिद्धच आहे. मे १९३४ मध्ये मांदेलश्तामला अटक झाली आणि डिसेंबर १९३८ मध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत तो मेला. यापेक्षा थेट हुकूमशहावर रोखलेली रचना कोणती असणार? पण ती कविता सुरू कुठून होते ते पाहावे. आपण जगतो पण पायाखालचा देश आपल्याला जाणवत नाही, आपले बोलणे दहा पावलांवर ऐकू जात नाही, अशी तिची सुरुवात आहे. म्हणजे पहिला शब्द ‘आपण’ आहे. पुढे बारीक मानेच्या पुढाऱ्यांचे ते प्रसिद्ध टोळके येते: कोणी शीळ घालतो, कोणी म्याँव करतो, कोणी मुसमुसतो, आणि बोलतो तो एकटाच. मिशांपेक्षा हे म्याँव करणे मला अधिक भेदक वाटते. मिशा निसर्गाने दिल्या होत्या; म्याँव करायला शिकावे लागते.

झुरळावरून आठवले. कोर्नेय चुकोव्स्कीची लहान मुलांसाठी लिहिलेली एक दीर्घ कविता आहे, तिच्यात एक मिशाळ झुरळ येते आणि हत्ती, सिंह, अस्वले त्याच्यापुढे लोटांगण घालतात. शेवटी एक चिमणा येऊन त्याला टिपतो. पुढच्या पिढ्यांनी यात स्टालिन पाहिला. ही कविता १९२३ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे स्टालिनचा ‘स्टालिन’ होण्यापूर्वी, तेव्हा चुकोव्स्कीच्या मनात तो असण्याचा संभव जवळजवळ नाही. तरीही वाचकांना तो दिसला, याचे कारण झुरळाच्या मिशांत फार थोडे आणि हत्तीच्या वाकलेल्या गुडघ्यांत फार मोठे आहे. हत्ती एकदा वाकला की त्याच्यासमोर कोण उभे आहे याला किती महत्त्व उरते?

ही दृष्टी सोव्हिएत काळात जन्मलेली नाही. साल्तिकोव्ह-श्चेद्रिनने १८६९-७० मध्ये ग्लुपोव्ह, म्हणजे मूर्खपूर, या कल्पित नगराचा इतिहास लिहिला. हा माणूस स्वतः झारच्या नोकरीत र्‍याझान आणि त्वेर या प्रांतांचा उपराज्यपाल राहिलेला, त्यामुळे कचेरीचा आतला वास त्याला चांगला माहीत होता. त्याच्या नगराला एक अधिकारी लाभतो, ज्याच्या डोक्यात मेंदूच्या जागी वाद्याची पेटी बसवलेली आहे आणि तिच्यातून दोनच वाक्ये निघतात: ‘खपवून घेणार नाही!’ आणि ‘उद्ध्वस्त करीन!’ हे वाचून आपण हसतो आणि पान उलटतो. पण त्या पानावर आणखी एक गोष्ट आहे. अधिकारी अजून नगरात पोचायचा असतो, कोणी त्याला पाहिलेले नसते, आणि तरी नागरिक रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारून सांगत असतात की नवे साहेब देखणे आहेत, हुशार आहेत. पुस्तकाच्या अखेरीस येणारा उग्र्यूम-बुर्चेयेव्ह तर नगर सपाट करून सरळ रेषेत नवे वसवायला निघतो आणि वाटेत नदी आली म्हणून नदी थांबवायचा हुकूम देतो. नदी ऐकत नाही. लोक मात्र ऐकतात. आपापली घरे आपल्याच कुऱ्हाडींनी पाडतात. स्टालिन जन्मायच्या आठ-नऊ वर्षे आधी हे लिहून झाले होते.

यावर १८७१ मध्ये ‘वेस्तनिक येव्रोपी’ या नियतकालिकात पत्रकार सुव्होरिनने जो आक्षेप घेतला, तो आज आपल्या वादात जसाच्या तसा ऐकू येतो: हा लेखक सत्तेची नव्हे, जनतेची थट्टा करतो, पिचलेल्याला आणखी खिजवतो. श्चेद्रिनने त्याला उत्तर दिले. ‘जनता’ या एका शब्दात दोन गोष्टी दडल्या आहेत, असे त्याचे म्हणणे. एक म्हणजे लोकशाहीचा विचार ज्यांच्यासाठी आहे ते लोक, आणि दुसरी म्हणजे इतिहासाच्या रंगमंचावर प्रत्यक्ष वावरणारी जनता; पहिलीबद्दल आस्था असायलाच हवी, पण जी जनता आपल्या पोटी बुर्चेयेव्ह निपजवते आणि त्याला पोसते तिचे कौतुक कशाबद्दल करायचे? आक्षेप खोटा नव्हता, हे मी मान्य करतो. भीतीखाली वाकलेल्या माणसाला हसणे यात एक क्रौर्य असू शकते, विशेषतः हसणारा सुरक्षित जागी बसलेला असेल तर. पण रशियन उपहासकार सहसा सुरक्षित जागी नव्हता. श्चेद्रिनने स्वतः तरुणपणी लिहिलेल्या कथांपायी व्यात्काला सात वर्षांहून अधिक काळ हद्दपारी भोगली होती. आणि सुरक्षित नसलेल्यांपैकी अनेकजण स्वतःही वाकले. मांदेलश्तामनेच १९३७ मध्ये स्टालिनचे स्तोत्र लिहिले. बुल्गाकोव्हने १९३९ मध्ये तरुण स्टालिनवर ‘बातुम’ हे नाटक लिहिले, जे स्टालिननेच होऊ दिले नाही. कैद्यांकडून खोदून घेतलेल्या श्वेतसमुद्र कालव्याच्या गौरवार्थ १९३४ साली निघालेल्या ग्रंथात झोश्चेन्कोसारख्या विनोदकाराचेही एक प्रकरण आहे. (त्याच कालव्याबद्दलचा लोकांतला विनोद असा: उजवा काठ कोणी खणला? विनोद सांगणाऱ्यांनी. आणि डावा? ऐकणाऱ्यांनी.) म्हणून गर्दीची थट्टा करताना या लेखकांनी स्वतःला गर्दीबाहेर ठेवले होते असे म्हणणे कठीण आहे. मांदेलश्तामचा ‘आपण’ उगाच आलेला नाही.

या ‘आपण’मध्ये सगळ्यांना एकाच मापाने मोजायचे का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला येवगेनी श्वार्त्सच्या ‘ड्रॅगन’ या नाटकात सर्वांत स्वच्छ सापडते. हे नाटक त्याने १९४३-४४ च्या सुमारास युद्धामुळे स्थलांतर केलेल्या अवस्थेत पुरे केले. ज्या शहरात पुरे केले त्याचे, म्हणजे आजच्या दुशान्बेचे, तेव्हाचे नाव होते स्टालिनाबाद. वरवर पाहता रोख हिटलरवर. पण १९४४ मध्ये मॉस्कोत एका प्रयोगानंतर ते बंद पडले, यावरून सेन्सॉरला ते चांगलेच कळले असावे. नगरावर चारशे वर्षे तीन डोक्यांच्या ड्रॅगनचे राज्य आहे. दरवर्षी त्याला एक मुलगी द्यावी लागते. भटका वीर लान्सलॉट येतो तेव्हा नगरातला एक सज्जन, विद्वान गृहस्थ त्याला समजावतो की ड्रॅगनांपासून वाचायचा एकमेव उपाय म्हणजे आपला स्वतःचा ड्रॅगन असणे. शिवाय, ब्याऐंशी वर्षांपूर्वी पटकीची साथ आली होती, तेव्हा याच ड्रॅगनने तलावावर फुंकर घालून पाणी उकळले आणि नगर वाचवले. ज्याची मुलगी या वर्षी जाणार आहे, तोच हे सांगतो.

इथे मला आपल्या वादातला दुसरा मोठा मुद्दा घ्यावा लागतो, कारण तलाव उकळल्याची ती गोष्ट आपल्याकडेही सांगितली जाते. युद्ध कोणी जिंकले? स्टालिनग्राड कोणी राखले? हा प्रश्न क्षुल्लक नाही. मराठी माणसाला तर तो मुळीच क्षुल्लक वाटू नये, कारण अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तो कोणाच्या सांगण्यावरून भाट म्हणून नव्हे. फॅसिझमला कुठेतरी कोणीतरी अडवले आहे या जाणिवेने गिरणगावातली माणसे खरोखरच उभारून आली होती. ती भावना अस्सल होती आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही. पण श्वार्त्सची युक्ती पाहा. पाणी उकळले नव्हते, असे तो म्हणतच नाही. ड्रॅगनने ते उकळले, साथ थांबली, सगळे खरे. तो फक्त विचारतो की, त्या उकळलेल्या पाण्याचे व्याज ब्याऐंशी वर्षांनी ही मुलगी का देते आहे? स्टालिनग्राड लढवणारा सैनिक हा पोवाड्याचा विषय आहे. त्या सैनिकाच्या रक्ताचे श्रेय एका माणसाच्या खात्यावर जमा करून त्यातून छावण्यांची बाकी वळती करून घेणे, हा पोवाडा राहत नाही, ती हिशेबातली लबाडी होते.

नाटकाचा तिसरा अंक या सगळ्या वाङ्मयाचा गाभा आहे असे मला वाटते. ड्रॅगन मेला, लान्सलॉट जखमी होऊन नाहीसा झाला. एक वर्ष जाते. ड्रॅगनच्या काळात वेड्याचे सोंग घेऊन टिकलेला नगराध्यक्ष आता ‘स्वतंत्र नगराचा राष्ट्राध्यक्ष’ आहे. ड्रॅगनला आपणच मारले असे त्याने जाहीर केले आहे. तुरुंग भरलेले आहेत. आणि तीच मुलगी आता त्याच्याशी लग्नाला उभी आहे. लान्सलॉट परततो तेव्हा नगराध्यक्षाचा मुलगा हाइनरिश बचाव करतो: माझा दोष नाही, मला तसे शिकवले होते. लान्सलॉट म्हणतो, शिकवले तर सगळ्यांनाच होते. पण तू पहिला नंबर का काढलास? सुव्होरिनच्या आक्षेपाला यापेक्षा नेमके उत्तर मला माहीत नाही. भ्यालेल्या माणसाला कोणी दोष देत नाही. पास्तरनाकने ‘मी ऐकलेच नाही’ म्हटले म्हणून त्याला कोणी हाइनरिश म्हणणार नाही. वर्गात बसणे सक्तीचे होते, पहिला नंबर काढणे नव्हते. उपहासाचे सगळे काम या दोहोंतले अंतर दाखवण्याचे आहे. शोकगीताला ते जमत नाही, कारण शोक मेलेल्यांकडे पाहतो. न्यायालयाला ते पुरते जमत नाही, कारण पहिला नंबर काढणे हा गुन्हा म्हणून कुठल्या कलमात बसत नाही.

व्लादिमिर व्होइनोविचच्या ‘इव्हान चोन्किन’ या कादंबरीत एक प्रसंग आहे, तो जवळून पाहण्यासारखा आहे. गुप्तपोलिसांची कचेरी, पुस्तकात तिला नाव नाही, ‘जिथे कळवायला हवे तिथे’ एवढेच लोक म्हणतात. एका म्हाताऱ्या ज्यू कारागिराला तिथे पकडून आणले आहे. नेहमीप्रमाणे आधी मारहाण, मग चौकशी. म्हाताऱ्याची कवळी तुटते. मग नाव विचारले जाते. म्हातारा सांगतो: स्टालिन. मोइसेय सोलोमोनोविच स्टालिन. नाव खरे, कागदपत्रे खरी. पुढची पाने म्हणजे निव्वळ घामाघूम होणे आहे. ज्या अधिकाऱ्याचा हात काही मिनिटांपूर्वी त्या तोंडावर पडला होता, त्याला आता नुसते ते आडनाव वहीत लिहिण्याचीही भीती वाटते. ‘स्टालिनला अटक’, ‘स्टालिनला मारहाण’ अशी वाक्ये कागदावर उमटली तर काय होईल? या सगळ्या प्रकरणात खरा स्टालिन कुठेच नाही. त्याची गरजही नाही. तीन अक्षरे पुरतात. लेखकाने हुकूमशहाला पुस्तकाबाहेर ठेवून जेवढे दाखवले, तेवढे त्याला आणून मिशांवर शंभर विनोद केले असते तरी दाखवता आले नसते. याच पुस्तकामुळे आणि आपल्या इतर बोलण्या-लिहिण्यामुळे व्होइनोविच १९७४ मध्ये लेखक संघातून बाहेर फेकला गेला, १९८० च्या अखेरीस देशाबाहेर गेला आणि पुढच्या वर्षी त्याचे नागरिकत्व काढून घेतले गेले.

देशाबाहेर गेला म्हटले की आपल्याकडचे काही मित्र डोळे मिचकावतात: म्हणजे शीतयुद्धाचा माल. ही पुस्तके पॅरिसला किंवा अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ‘आर्दिस’ या प्रकाशनाकडे छापली गेली, हे खरेच आहे, आणि पाश्चात्त्य सरकारांना ती सोयीची वाटली असणार हेही खरे. पण छापखाना कुठे होता यावरून पुस्तक कोणाचे हे ठरत असेल तर मायदेशी छापखाना कोणी बंद केला हेही विचारावे लागेल. आणि सोय म्हणाल, तर व्होइनोविच कोणाच्याही सोयीचा निघाला नाही. १९८६ च्या ‘मॉस्को २०४२’ मध्ये त्याने भविष्यातल्या मॉस्कोवर राज्य करणारा ‘जीनियालिस्सिमस’ रंगवला: मूळचा जर्मनीत राहिलेला गुप्तहेर खात्याचा माणूस, ज्याने पक्ष, सुरक्षा यंत्रणा आणि धर्मसंस्था यांची मोट बांधली आहे, तिथल्या धर्मगुरूला मेजर जनरलचा हुद्दा आहे. पुतिन तेव्हा ड्रेस्डेनमध्ये एक अनोळखी अधिकारी होता. साहजिकच आज लोक हे पुस्तक भविष्यवाणी म्हणून एकमेकांना पाठवतात, आणि मला तेच खटकते. भविष्यवाणी म्हणून वाचले की वाचक ‘हा कोण, तो कोण’ एवढे ओळखून खूश होतो आणि शेवट विसरतो. शेवटी जीनियालिस्सिमसची राजवट कोसळते, पण कोसळते ती पांढऱ्या घोड्यावर बसून परतणाऱ्या सिम सिमिच कार्नावालोव्हपुढे. हा कम्युनिस्टांचा कट्टर विरोधक, निर्वासित, महान लेखक. त्याच्यात सोल्झेनित्सिनची छाया उघड आहे, आणि त्यापायी निर्वासित मंडळींनीच व्होइनोविचला धारेवर धरले. सिम झार होतो. दाढ्या वाढतात, जुने किताब परत येतात, आणि कालपर्यंत जीनियालिस्सिमसचा जयजयकार करणारी तीच माणसे आज त्याच घशाने नवा जयजयकार करतात. शीतयुद्धाचा माल असता तर गोष्ट घोड्यापाशी, आनंदाने, संपली असती.

आता पहिल्या पक्षाच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो सर्वांत जड आहे. उपयोग काय झाला? लेवादा केंद्र या रशियातल्या जनमत चाचणी संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत ७० टक्के रशियनांनी स्टालिनची इतिहासातली भूमिका एकूण चांगलीच मानली होती. कुर्स्काया स्थानकात स्टालिनचे गुणगान करणारी जुनी ओळ २००९ मध्येच पुन्हा कोरली गेली होती. १९८७ नंतर एकामागून एक खुली झालेली ही सगळी पुस्तके दुकानांत असताना हे घडले. म्हणजे उपहास हे शस्त्र असेल तर ते बोथट निघाले, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि हसण्याला हुकूमशहा भितो या गोड समजुतीला निरोप द्यायला हवा. गोगोलच्या ‘सरकारी तपासनीस’ या नाटकाचा प्रयोग १८३६ मध्ये पाहून झार पहिला निकोलाय पोट धरून हसला होता आणि सर्वांना मिळाले, मला सर्वांत जास्त, असे म्हणाल्याचे सांगतात, त्याची राजवट पुढे एकोणीस वर्षे खुशाल चालली.

पण ही पुस्तके दुकानांत असताना लोक पुन्हा पुतळ्याकडे का वळले, हे कोणी आधी सांगितले होते? त्याच पुस्तकांनी. फाझिल इस्कांदरच्या ‘ससे आणि अजगर’ या दीर्घकथेत अजगर सशांना नजरेने भारून गिळत असतात. एक विचारी ससा शोध लावतो की, त्यांचे भारणे म्हणजे आपलीच भीती. हा शोध अजगरांना जेवढा घातक तेवढाच सशांच्या राजालाही, कारण त्याचे राज्य दोन खांबांवर उभे आहे: अजगरांची भीती आणि लवकरच सर्वांना फुलकोबी मिळणार ही आशा. राजाच्या मेजावर जेवायला बसणारे ससे आहेत, बसू पाहणारे आहेत. त्यांतला एक चलाख ससा गाण्यातून विचारी सशाचा ठावठिकाणा अजगरांना कळवतो. पुढे भारणे खरोखरच चालेनासे होते. आणि मग? वाळवंटात हाकललेला एक भुकेला अजगर विळखा घालून जीव घेण्याची नवी रीत शोधून काढतो. तिचा पहिला बळी म्हणजे स्वतःही तिथे हाकलला गेलेला तोच चलाख खबऱ्या. नव्या रीतीची राजवट सुरू होते, आणि म्हातारे ससे उसासे टाकून म्हणू लागतात की भारण्याच्या काळात बरे चालले होते. हे १९८२ साली अमेरिकेत छापले गेले. सत्तर टक्क्यांचा आकडा यायला अजून सदतीस वर्षे होती.

याच उसाशाचे सर्वांत बारकाईने केलेले चित्र व्होइनोविचने २००० साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीत आहे, आणि वारशाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायला हवे असे मला वाटते. दोल्गोव्ह नावाच्या लहान गावात अग्लाया रेव्किना ही निष्ठावंत बाई राहते. १९५६ च्या फेब्रुवारीत स्टालिननंतरचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह याने स्टालिनच्या गुन्ह्यांचा पाढा वाचला. अग्लायाने तो मानला नाही. पुढे गावातला स्टालिनचा लोखंडी पुतळा उतरवून भंगारात न्यायची वेळ आली, तेव्हा ती तो आपल्या घरात घेऊन आली, आणि अनेक दशके त्याच्यासोबत राहिली. विनोद उघड आहे: चौकात उभा राहायचा माणूस बैठकीच्या खोलीत उभा. पण या बाईच्या पूर्वायुष्यातली एक गोष्ट व्होइनोविचने जपून ठेवली आहे. युद्धात शत्रू जवळ आला तेव्हा गावचे वीजकेंद्र उडवायचे होते. तिचा नवरा आत होता. तिने स्फोट घडवला. आता या बाईला सांगा की स्टालिन चुकला होता. ती काय ऐकेल? तो चुकला असेल तर त्या दिवशी वीजकेंद्रात काय झाले? पुतळा घरात आणणे हा वेडेपणा आहे, पण त्या वेडेपणाखाली एक हिशेब आहे, आणि तो फार माणसांचा हिशेब आहे. ज्यांनी काही गमावले, ज्यांनी काही केले, ज्यांनी शेजाऱ्याबद्दल ‘जिथे कळवायला हवे तिथे’ कळवले, त्या सगळ्यांना तो पुतळा हवा असतो. तो उभा असेतोवर आपण केलेल्याला अर्थ आहे. सत्तर टक्क्यांना नुसते अडाणी म्हणणाऱ्यांना हे कळत नाही, आणि उपयोग काय झाला असे विचारणाऱ्यांनाही. आपण थट्टा करतो आहोत त्या बाईवर लेखकाला दयाही येते आहे, हे या कादंबरीत पानोपानी जाणवते.

थडग्यांवर हसू नये, हा तिसरा आक्षेप मी सर्वांत आदराने घेतो. अख्मातोवाच्या ‘रेक्विएम’ या शोककाव्यासमोर किंवा शालामोव्हच्या कोलिमाच्या छावण्यांवरच्या कथांसमोर विनोदाचा शब्द काढवत नाही, आणि काढूही नये. पण या वाङ्मयात बळींना हसलेले मला कुठे आढळले नाही. उलट हुकूमशहाबद्दल सदैव गंभीर राहण्यात एक धोका आहे, ज्याकडे या आक्षेपकांचे लक्ष जात नाही. भयानक म्हटले की माणूस मोठा होतो; ‘महाभयंकर’ या शब्दातसुद्धा ‘महा’ आहेच. इस्कांदरने ‘चेगेमचा सांद्रो’मधल्या ‘बेलशस्सरच्या मेजवान्या’ या प्रकरणात स्टालिनला मेजवानीच्या टेबलाशी आणून बसवले. अबखाझियातले आरोग्यधाम, एका बाजूला स्टालिनच्या जवळचे पुढारी बेरिया आणि व्होरोशिलोव्ह, यजमान म्हणजे अबखाझियाचा नेता नेस्तोर लाकोबा, जो खऱ्या आयुष्यात डिसेंबर १९३६ मध्ये बेरियाकडे जेवून आल्यावर मेला. नाच्यांच्या ताफ्यातला सांद्रो डोळ्यांवर कापड ओढून गुडघ्यांवर घसरत येतो आणि नेमका स्टालिनच्या पायांशी थांबतो. सगळे थक्क. ‘मी तुला कुठे पाहिले आहे?’ स्टालिन विचारतो. सांद्रोला आठवते: लहानपणी डोंगरवाटेवर दिसलेला, दरोडा घालून घोडी हाकत निघालेला माणूस, ज्याने नजरेनेच गप्प राहायला सांगितले होते. सांद्रो उत्तर देतो की आमचा ताफा चित्रपटात दाखवला होता, तिथे पाहिले असेल. पोराने तेव्हा वेळेवर तोंड उघडले असते तर, हा विचार मात्र पुढे त्याची पाठ सोडत नाही. बायबलमधल्या बेलशस्सर राजाच्या मेजवानीत भिंतीवर त्याच्या नाशाची अक्षरे उमटतात; इथे ती अक्षरे वाचता येणारा एकच, आणि तोही गप्प.

सोव्हिएत नियतकालिकात १९७३ मध्ये ही कादंबरी छापली गेली तेव्हा हे प्रकरण गाळले होते. त्याच्यात एक जागा आहे, जिच्यामुळे इस्कांदरवर स्टालिनला माणूस बनवल्याचा आरोपही होऊ शकेल. जेवणावळीत गाणे सुरू होते आणि स्टालिनचे मन भरकटते. तो स्वतःला जॉर्जियातल्या रस्त्यावर, द्राक्षांनी भरलेल्या बैलगाडीत बसून घरी जाताना पाहतो. ऊन, धूळ, गाडीची करकर. शांत, साधा शेतकरी. पण त्या स्वप्नातसुद्धा रस्त्याच्या कडेला दोघे उभे आहेत आणि एक दुसऱ्याला सांगतो आहे: हाच तो जुगाश्विली (हे स्टालिनचे मूळ आडनाव), ज्याने रशियाचा स्वामी व्हायला नकार दिला. का दिला? म्हणतो, कटकट फार, रक्त फार. सत्ता नाकारल्याच्या स्वप्नातही त्याला आपल्याकडे बघणारी माणसे लागतातच.

तागान्स्काया स्थानकातल्या त्या शिल्पाचे नाव ‘सेनापती-नेत्याप्रती जनतेची कृतज्ञता’ असे आहे. छायाचित्रात पाहा: तो मधोमध एकटा उभा आहे, आणि भोवती बायका, मुले, कामगार माना वर करून त्याच्याकडे बघत आहेत. बातमी वाचणाऱ्या आपण सर्वांनी मधल्या माणसाचा चेहरा पाहिला. व्होइनोविच किंवा इस्कांदर तिथून गेला असता तर त्याने बाजूच्या चेहऱ्यांसमोर थांबून, बहुधा हसू आवरत, एकेकाची ओळख पटवायला सुरुवात केली असती: यातला पहिला नंबर कोणाचा, आणि शिल्प उतरवल्यानंतरच्या साठ वर्षांत यातला प्रत्येकजण कुठे होता?